बीपीची गोळी रोज घेतली का जात नाही, ते कसं शोधायचं आणि मग काय करायचं

बाबांच्या कपाटात एकदा काहीतरी शोधत होते तर बीपीच्या गोळ्यांच्या अकरा स्ट्रिप सापडल्या, एकही न फोडलेली. दर महिन्याला मीच आणून देत होते, दर वेळी डॉक्टर म्हणायचे अजून बीपी वरच आहे, डोस वाढवूया, आणि बाबा मान डोलवून "घेतो की रोज" म्हणायचे. मी त्या दिवशी खूप चिडले, नको ते बोलले, आणि त्याचा परिणाम एवढाच झाला की पुढच्या महिन्यापासून ते स्ट्रिप फोडून गोळ्या टाकून द्यायला लागले म्हणजे मला रिकामं पाकीट दिसेल. हे कळल्यावर मात्र मी चिडले नाही, घाबरले. कारण आता त्यांचं खरं बीपी किती आणि औषधाचा खरा डोस किती, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, डॉक्टरांना तर नाहीच.

म्हणून हे सगळं लिहितेय. घरात कुणाची गोळी चुकत असेल किंवा तुमची स्वतःचीच चुकत असेल तर अलार्म, डब्या, आठवण करून देणारी ॲप हे सगळं नंतर. आधी गोळी कशामुळे राहते ते शोधा. विसरणाऱ्याला जो उपाय चालतो तो घाबरणाऱ्याला चालत नाही, आणि पाय सुजतात म्हणून गोळी टाळणाऱ्या माणसाला तुम्ही दहा अलार्म लावून दिलेत तरी तो अलार्म बंद करेल आणि गोळी तशीच ठेवेल.

आणि हे फक्त आपल्याच घरात होतं असं वाटून घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ सालीच सांगितलंय की श्रीमंत देशांतसुद्धा वर्षानुवर्षं चालणाऱ्या आजारांत साधारण निम्मेच लोक औषध नीट घेतात. २००८ साली एक अभ्यास आला, त्यात गोळ्यांच्या डबीच्या झाकणातच चिप होती आणि डबी कधी उघडली त्याची नोंद आपोआप होत होती. बीपीची औषधं घेणारे ४,७८३ लोक होते. वर्षाच्या आत त्यातल्या जवळपास निम्म्या लोकांनी औषध सोडूनच दिलं होतं, आणि जे घेत होते त्यांचे कुठल्याही एका दिवशी साधारण १० टक्के डोस राहत होते. मला यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की एखाद दिवस चुकण्यापेक्षा औषध कायमचं सुटणं हा मोठा प्रश्न आहे, आणि जे आधीपासून इकडेतिकडे चुकवत होते तेच पुढे लवकर सोडत होते. म्हणजे चुकायला लागलं की तेव्हाच विचारायचं, सुटून गेल्यावर नाही.

आता विचारायचं कसं. "गोळी घेता ना?" या प्रश्नाला "हो" शिवाय दुसरं उत्तरच नसतं, समोरचा माणूस आपल्यापेक्षा मोठा असेल तर अजिबातच नसतं. मी बाबांना नंतर असं विचारलं, "बाबा, रोज गोळी घ्यायची म्हणजे कुणाचीही राहतेच कधीकधी, गेल्या आठवड्यात तुमची किती वेळा राहिली असेल?" ते म्हणाले, "तीन-चार वेळा." खरं तर सातही वेळा राहिली होती, पण "घेतो की रोज" वरून तीन-चारवर आले हेच खूप होतं. मग मी गप्प बसले, सल्ला दिला नाही, नुसतं विचारलं की घेताना काय वाटतं. तेव्हा एकेक बाहेर आलं: पाय सुजतात, मला काही होत नाही मग कशाला, आणि कुणीतरी सांगितलं होतं की या गोळ्यांनी किडनी जाते. एकाच माणसाकडे तीन कारणं, आणि त्यात विसरणं कुठेच नाही.

"मला काही होत नाही" हे कारण सगळ्यात जास्त ऐकू येतं आणि त्यात त्या माणसाची चूक काढता येत नाही, कारण दुखलं की औषध आणि थांबलं की औषध बंद हेच आपण लहानपणापासून शिकलोय. बीपी तसं वागत नाही. १६०-१७० वर असलेला माणूस झकास जेवतो, फिरतो, झोपतो, आणि आत रक्तवाहिन्या, हृदय, किडनी, डोळे यांच्यावर ताण पडत राहतो. बरेच लोक मान्य करतात की बीपी वाढलेलं कळत नाही, पण लगेच म्हणतात, "मला मात्र कळतं, डोकं जड होतं." आणि मग डोकं जड झालं त्या दिवशी गोळी, हलकं वाटलं की सुट्टी. यावर वाद घालू नका, मशीन आणा. डोकं जड वाटेल तेव्हा मोजायचं आणि अगदी छान वाटेल तेव्हाही मोजायचं, दोन्ही आकडे लिहायचे. दोन आठवड्यांत माणूस स्वतःच बघतो की वाटण्याचा आणि आकड्याचा फारसा मेळ नाहीये. आम्ही हेच केलं, आणि जे मी सहा महिने बोलून झालं नाही ते वहीच्या दोन पानांनी झालं.

दुसरं, "आता नॉर्मल आलं ना, मग बंद." इथे औषधच आपल्याला फसवतं, हे नीट समजून घ्या. ॲम्लोडिपिनसारखी गोळी शरीरातून खूप हळू बाहेर पडते, अर्धं औषध जायलाच ३० ते ५० तास लागतात. म्हणून आज बंद केली तर उद्या बीपी फारसं वाढलेलं दिसत नाही, परवाही नाही, आणि माणूस म्हणतो बघा, गोळीशिवायही ठीक आहे. मग पुढच्या काही दिवसांत ते हळूहळू वर जातं, पण तोपर्यंत मोजणं थांबलेलं असतं. सुरुवात करतानाही हेच उलट होतं, पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात आणि माणूस चौथ्याच दिवशी म्हणतो ही गोळी लागू पडत नाही. पण सगळ्या गोळ्या अशा सावकाश जाणाऱ्या नसतात. बीटा ब्लॉकर म्हणजे मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल वगैरे, किंवा क्लोनिडिन चालू असेल तर ती अचानक बंद करणं धोक्याचं आहे, बीपी आणि ठोके एकदम उसळू शकतात, हृदयाचा त्रास असलेल्यांना तर जास्तच. ही औषधं डॉक्टरच टप्प्याटप्प्याने कमी करतात.

गोळी कधीच कमी होत नाही असंही सांगू नका, ते खोटं आहे आणि आयुष्यभराची शिक्षा ऐकल्यासारखं वाटतं. वजन उतरलं, मीठ कमी झालं, दारू सुटली, चालणं वाढलं तर काहींचा डोस कमी होतो, काहींची एखादी गोळी सुटतेही. फक्त ते आकडे बघून, डॉक्टरांशी ठरवून करायचं.

किडनीची भीती आणि "सवय लागते" ही भीती, या दोन्ही मनात खोल बसलेल्या असतात. सवयीचं मी बाबांना असं सांगितलं की चष्मा लावला की नीट दिसतं, काढला की परत अंधुक, त्याला कुणी चष्म्याचं व्यसन म्हणत नाही. किडनीचं मात्र उलटं आहे, वाढलेलं बीपीच किडनी खराब करतं, आणि टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल या गटातल्या गोळ्या तर लघवीतून प्रोटीन जाणाऱ्यांना किडनी वाचवायलाच देतात. हे खरं आहे की या गोळ्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा) थोडं वर जाऊ शकतं आणि पोटॅशियमही वाढू शकतं, म्हणून डॉक्टर सुरुवातीला रक्त तपासायला सांगतात. ती तपासणी करून घ्या, टाळू नका, आणि रिपोर्टवर थोडा वाढलेला आकडा बघून घरच्याघरी गोळी बंद करू नका, आधी दाखवा. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा, या गटातल्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर लगेच डॉक्टरांना सांगायचं.

आता साइड इफेक्ट. इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त गोळ्या याच कारणाने सुटतात आणि हेच कारण सगळ्यात कमी सांगितलं जातं. डॉक्टरांकडे पाच मिनिटं मिळतात, त्यात पेशंटला वाटतं तक्रार कशी करायची, आणि माणूस गुपचूप गोळी सोडून मोकळा होतो. पण यातल्या बहुतेक गोष्टींवर सोपा तोडगा असतो. ॲम्लोडिपिनने घोट्यांना सूज येते, डोस जास्त असेल तर जास्त, आणि ती किडनी बिघडल्याची सूज नसते, बारीक रक्तवाहिन्या सैल झाल्यामुळे पाणी खाली साचतं. डोस कमी केला किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी जोडीला दिली तर ती बऱ्याचदा उतरते. (नवीन सूज आली की एकदा दाखवाच, सूज यायला इतरही कारणं असतात.) एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल यांनी काहींना कोरडा खोकला लागतो, रात्रीची झोप जाते, खोकल्याची औषधं पिऊन काही उपयोग होत नाही, आणि गोळी बदलून सार्टन गटातली (टेल्मिसार्टन, लोसार्टन) दिली की बहुतेकदा काही आठवड्यांत थांबतो. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर मात्र वाट बघत बसायचं नाही, ती गोळी परत घ्यायची नाही आणि तडक हॉस्पिटल. लघवी वाढवणारी गोळी रात्री घेतली तर रात्रभर उठावं लागतं, ती सकाळी घ्यायची, आणि ज्या दिवशी लांबचा प्रवास आहे त्या दिवशी तिची वेळ पुढेमागे करता येईल का हे आधीच विचारून ठेवायचं, नाहीतर लोक प्रवासाच्या दिवशी गोळीच घेत नाहीत. उठताना चक्कर येत असेल तर बसून आणि उभं राहून बीपी मोजायचं, दोन्ही आकडे डॉक्टरांना सांगायचे, वयस्कर माणसांत तर नक्कीच, कारण पडून हाड मोडणं हा काही छोटा प्रश्न नाही. बीटा ब्लॉकरने थकवा येतो, हातपाय गार पडतात. आणि पुरुषांना शरीरसंबंधात अडचण यायला लागली तर तो माणूस कुणालाच सांगत नाही, बायकोलाही नाही, सरळ गोळी सोडतो. ही अडचण वाढलेल्या बीपीनेही येते, शुगरनेही, आणि नुसत्या काळजीनेही, पण काही गोळ्यांनी येऊ शकते हेही खरं आहे, आणि बदलायला दुसरे गट आहेत. तोंडाने बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या, काही हरकत नाही.

डॉक्टरांना विचारायला एक उपयोगी प्रश्न सांगते. बीपी उतरत नसेल तर त्याच गोळीचा डोस दुप्पट करण्यापेक्षा दुसऱ्या गटातली गोळी थोड्या डोसमध्ये जोडणं जास्त उतरवतं, अभ्यासांत हा फरक साधारण पाचपट निघालाय, आणि डोस लहान राहिले की त्रासही कमी. मग दोन गोळ्या होतात म्हणून माणूस वैतागतो, तर दोन औषधं एकाच गोळीत मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने अशा एकत्र गोळ्या २०१९ साली आवश्यक औषधांच्या यादीत घेतल्या आणि २०२१ च्या सूचनांत त्यांना पसंतीही दिली, कारण रोज एकच गोळी असली की लोक ती जास्त नीट घेतात. तेव्हा "हे एका गोळीत होईल का?" असं नक्की विचारा.

खरंच विसरत असेल अशा माणसासाठी मात्र रोजची सवय हाच आधार आहे. गोळी अशा कामाला जोडा जे रोज न चुकता होतंच, दात घासणं सगळ्यात सोपं. कॅनडातल्या पोलाद कारखान्यातल्या ३८ कामगारांवर १९७६ साली एक छोटा अभ्यास झाला होता, हे लोक औषध नीट घेत नव्हते आणि बीपीही ताब्यात नव्हतं. त्यातल्या एका गटाला स्वतःचं बीपी मोजायला आणि लिहून ठेवायला शिकवलं, आणि गोळी रोजच्या सवयींना कशी जोडायची ते दाखवलं. त्या गटाचं औषध घेण्याचं प्रमाण २१ टक्क्यांच्या आसपास वाढलं, दुसऱ्या गटाचं थोडं घटलंच. जुना आणि अगदी छोटा अभ्यास आहे, पण मोजा, लिहा आणि सवयीला जोडा या तीन गोष्टी आजही तितक्याच कामाच्या आहेत, निदान आमच्या घरी तरी ठरल्या.

वेळेचा बाऊ करू नका. सकाळी घ्यायची की रात्री यावर खूप मोठी चर्चा झाली, मग ब्रिटनमध्ये २१,१०४ लोकांवर अभ्यास झाला, २०२२ साली निकाल आला, हार्ट ॲटॅक, स्ट्रोक आणि त्यातून होणारे मृत्यू यांत सकाळ-संध्याकाळचा फरक दिसला नाही. म्हणजे जी वेळ तुमच्याकडून पाळली जाते ती चांगली वेळ. वेळ बदलायची असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या, दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळ्यांचं गणित वेगळं असतं.

आठवड्याची सात कप्प्यांची डबी घ्या, ती आठवण फारशी करून देत नाही पण "आज घेतली की नाही" हा रोजचा गोंधळ संपवते, आणि त्या गोंधळातच लोक एकतर दोनदा घेतात किंवा घेतच नाहीत. गोळी राहिली तर आठवल्यावर घ्या, पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या. दोन एकदम घ्यायच्या नाहीत. शेवटची स्ट्रिप सुरू केली की त्याच दिवशी नवीन आणा, कारण गोळ्या संपणं हे मोठं कारण आहे, दोन दिवसांचे दहा दिवस कधी होतात कळत नाही. तब्येत स्थिर असेल तर एकदम दोन-तीन महिन्यांची चिठ्ठी मिळते का विचारा. परवडत नसेल तर ते सांगायला लाजू नका, बीपीची बहुतेक औषधं जेनेरिकमध्ये मिळतात आणि स्वस्त पर्याय लिहून देता येतो, पण तुम्ही बोललात तरच. प्रवासाला जाताना गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात नको.

म्हाताऱ्या माणसांत अजून एक गोष्ट बघा, हाताला स्ट्रिप फोडता येते का, अक्षरं दिसतात का. माझ्या मावशीची गोळी सहा महिने चुकत होती आणि कारण निघालं की बोटांच्या संधिवातामुळे तिला ती फोडताच येत नव्हती, आणि रोज कुणाला सांगायचं म्हणून ती गप्प होती. मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, किंवा हल्लीच विसरभोळेपणा वाढला असेल तर तो वेगळा विषय आहे, तेही डॉक्टरांना सांगा, आणि अशा वेळी गोळी देण्याची जबाबदारी घरातल्या कुणीतरी घ्यावी.

मोजण्याचं थोडक्यात सांगते कारण चुकीच्या आकड्यावरून भांडणं होतात. दंडाला बांधायचं मशीन, पट्टा दंडाच्या मापाचा. मोजायच्या आधी अर्धा तास चहा, कॉफी, सिगरेट नको, लघवीला जाऊन या, पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडी नाही घालायची, हात हृदयाच्या उंचीवर टेकवलेला, आणि मोजताना बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी ती १३५/८५ च्या खाली असलेली बरी, तुमचं स्वतःचं टार्गेट डॉक्टर सांगतील. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या आणि नाक मोकळं करणारी काही औषधं बीपी वाढवतात, तर ती घेत असाल तर वहीत तेही लिहा. १८०/१२० च्या वर गेलं तर पाच मिनिटं बसून परत मोजा, आणि त्यासोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलण्यात अडखळणं, एका बाजूला कमजोरी, दिसण्यात फरक यातलं काहीही असेल तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

शेवटचं, आणि हे मला सगळ्यात जवळचं आहे, डॉक्टरांना खरं सांगा. बरेच जण अपॉइंटमेंटच्या चार-पाच दिवस आधी गोळ्या सुरू करतात, तिथे बीपी बरं दिसतं आणि बाकीचे दिवस वरच असतं. किंवा आमच्यासारखं होतं, गोळी पोटात जातच नाही, डॉक्टरांना वाटतं औषध कमी पडतंय, आणि डोस वाढत जातो. आता कल्पना करा की असा माणूस दुसऱ्याच कुठल्या आजारासाठी ॲडमिट झाला आणि तिथल्या नर्सने कागदावरच्या सगळ्या गोळ्या पहिल्यांदाच नीट दिल्या. बीपी एकदम खाली जाऊ शकतं. बाबांच्या कागदावर तेव्हा तीन गोळ्या होत्या, आणि मला अजूनही त्या विचाराने पोटात गोळा येतो.

आम्ही डॉक्टरांसमोर त्या स्ट्रिप ठेवल्या. ते रागावले नाहीत, म्हणाले बरं झालं सांगितलंत, आणि तिन्ही बंद करून कमी डोसची एकच जोडगोळी लिहून दिली, महिन्याने बोलावलं. सूज परत आली नाही. बाबा आता टूथब्रशच्या ग्लासशेजारी डबी ठेवतात आणि वही स्वतः लिहितात. परवा मी ती चाळत होते, एका तारखेपुढे आकडे नव्हते, नुसतं लिहिलं होतं, "आज राहिली."